उन्हाळी भाजीपाला : सांडपाण्यातील जंतूंचा धोका असा ओळखा, असा तोडा

पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले प्रक्रियायुक्त सांडपाणी बेबी कालव्यातून हवेली, दौंडच्या शेतांकडे जाते. विहिरी तळ गाठतात तेव्हा असेच पाणी मेथी, कोथिंबीर, काकडीला जगवते. त्यात नत्र-स्फुरदही असते, म्हणून ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र पाणी नितळ दिसते, वास येत नाही, एवढ्यावर विसंबू नका. साल्मोनेला, रोटाव्हायरस, जंतांची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत.

आधी तपासणी

प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा. उपसा चालू असताना प्रवाहाच्या मध्यातून नमुना घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये १०० मिलिलिटरमागे जास्तीत जास्त १,००० विष्ठाजन्य कोलीफॉर्म आणि लिटरमागे जास्तीत जास्त १ जंताचे अंडे अशी मर्यादा सुचवली होती. दोन्ही तपासण्या सांगा. क्लोरीनने जिवाणू मरतात, पण जंतांची अंडी टिकतात.

मग पाण्याचा मार्ग पाहा

२००६ च्या मार्गदर्शक सूचनांत याच संघटनेने फक्त पाण्यावर नव्हे, तर पाण्यापासून ताटापर्यंतच्या साखळीवर भर दिला. बिनप्रक्रिया सांडपाण्यातील जंतू कच्च्या पालेभाजीसाठी साधारण दहा लाख पटींनी घटवावे लागतात, कंदमुळांसाठी एक कोटी पटींनी. हे काम एका उपायाने होत नाही, वाटून घ्यावे लागते :

- शेततळ्यात साठवण : पाणी काही दिवस स्थिर ठेवा. अंडी तळाशी बसतात. फूटव्हॉल्व्ह रिकाम्या पिंपाला बांधून वरच्या थरातले पाणी उपसा, गाळ ढवळू नका.
- ठिबक : जमिनीलगतच्या पिकांत सुमारे १०० पट, उंच वाढणाऱ्या पिकांत १०,००० पट घट. फिल्टर नियमित धुवा, नळ्यांची टोके उघडून फ्लश करा. पालेभाजीवर तुषार संच टाळा.
- काढणीपूर्वी पाणी तोडणे : कडक उन्हात जंतू झपाट्याने मरतात. पाणी बंद केल्यावर दिवसाला ३ ते १०० पट घट होते. पीक सुकणार नाही इतपत १-२ दिवसांचा खंड द्या.
- पीकनिवड : पाण्याचा अहवाल वाईट आला तर कोथिंबीर, गाजर, मुळा टाळून मका, चारा किंवा शिजवून खायची फळभाजी घ्या.

सगळ्यात मोठी चूक

बाजाराला जाण्याआधी जुड्या पाटातच बुडवून ताज्या केल्या जातात, गाजरे तिथेच घासून धुतली जातात. पानांच्या बेचक्यांत पाणी अडकते, वर ओले गोणपाट पडते आणि रात्रभराच्या उबेत जिवाणू पुन्हा वाढतात. ठिबक, खंड, ऊन यांनी कमावलेले सारे एका बुडवणीत जाते. जुड्या फक्त पिण्यायोग्य पाण्याने धुवा, नाहीतर कोरड्याच न्या.

घरची माणसे

वाफ्यात गमबूट, हातमोजे वापरा. जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. पायाला जखम असेल तर अशा पाण्यात उतरू नका. सुट्टीत मुले कालव्यात पोहतात आणि पोहताना पाणी पोटात जातेच, म्हणून सांडपाणी येणाऱ्या कालव्यात त्यांना उतरू देऊ नका.

या हंगामात दोन कामे चुकवू नका : पाण्याची तपासणी आणि काढणीनंतर स्वच्छ पाण्याची धुलाई. आपण पिकवलेली कोथिंबीर कोणीतरी कच्चीच खाणार आहे, ही जबाबदारी शेतातच पार पाडा.