सरकारी वकील दाद देत नसेल तर?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर गेल्या वर्षी चाकूहल्ला झाला. खुनाच्या प्रयत्नाचा खटला सत्र न्यायालयात सुरू आहे. सरकारी वकील भेटायला वेळ देत नाहीत आणि दोन साक्षीदारांना धमक्या येताहेत. आम्ही आमचा वकील देऊ शकतो का? सरकारने खटलाच मागे घेतला तर?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : वकील जरूर द्या. मात्र सत्र न्यायालयातला खटला सरकारी वकीलच चालवतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८(८) प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने तुमच्या वकिलाला त्यांना साहाय्य करता येते. वकीलपत्रावर सही भावाची हवी, कारण कायद्याने पीडित तो आहे. हा वकील सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार काम करतो आणि पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी युक्तिवाद देतो (कलम ३३८). त्याला स्वतः साक्षीदार तपासता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात सांगितले. पण राहून गेलेले प्रश्न तो सरकारी वकिलाला देऊ शकतो आणि त्यांनी ते घेतले नाहीत तर न्यायाधीशांच्या नजरेस आणू शकतो.

साक्षीदारांचे काम आधी करा. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे त्यांना अर्ज करता येतो.

सरकारी वकिलाबद्दलची तक्रार तारीखवार आणि लेखी द्या. देशभराची एकच अभियोग सेवा आपल्याकडे नाही. ती राज्यागणिक वेगळी आहे. दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांच्या खटल्यांवर देखरेख ठेवणे हे राज्याच्या अभियोग संचालकांचे काम आहे (कलम २०) आणि तुमचा खटला त्यात बसतो, म्हणून तक्रार त्यांच्याकडेच करा.

सरकारी वकील ढिला पडला तर काय होते, हे वडोदऱ्याने पाहिले आहे. १ मार्च २००२ च्या बेस्ट बेकरी हत्याकांडात चौदा माणसे मेली. साक्षीदार उलटले आणि जून २००३ मध्ये सर्व २१ आरोपी सुटले. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. सरकारी वकील बचावाच्या वकिलासारखे वागल्याचे दिसते, असा ठपका ठेवला आणि नवा वकील नेमताना पीडितांचे म्हणणे विचारात घ्यायला सांगितले. फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने नऊ जणांना दोषी धरले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या चौघांची शिक्षा कायम ठेवली.

खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकीलच करतो, पण न्यायालयाच्या संमतीशिवाय खटला मागे घेता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेने त्यात भर घातली : पीडिताला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला अशी परवानगी देता येत नाही (कलम ३६०). त्या तारखेआधीच खटला सुरू झाला असेल तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमे लागू होतील. वकिलाकडून खात्री करून घ्या.

आरोपी सुटलेच, तर सरकारने अपील करण्याची वाट पाहू नका. पीडिताला स्वतः अपील करता येते (कलम ४१३) आणि त्यासाठी वरच्या न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही. मात्र अपिलात खालच्या न्यायालयातली नोंदच बोलते. म्हणून पुढच्या तारखेच्या आत वकीलपत्र आणि कलम १८(८) चा अर्ज, दोन्ही दाखल करा.