माथ्यावरचे निर्णय पायथ्याशीच

अकोला,
२० डिसेंबर

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी मैत्रिणींना घेऊन नरनाळ्याच्या गडावर निघालीस, हे ऐकून फार आनंद झाला. जा, अवश्य जा. पण सध्या उत्तरेचा वारा सुटलाय, म्हणून एवढंच सांगतो: माथ्यावरचे निर्णय पायथ्याशीच घेऊन निघ.

पायथ्याचं शहानूर गाव गडाच्या दक्षिणेला आहे. तुम्ही चढाल तेव्हा अख्खा डोंगर वारा अडवून धरेल. पाठीवर ऊन, मागं अकोटकडची वावरं. घाम येईल, स्वेटर पिशवीत जाईल. महाकाली दरवाजाशी मात्र खुशाल रेंगाळा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फत्तेउल्ला इमाद-उल्-मुल्कनं तो बांधवला. पुढे त्यानंच वऱ्हाडात इमादशाही उभी केली. त्यावरचं कोरीवकाम निवांत पाहण्यासारखं आहे.

खरी परीक्षा दरवाजाच्या पुढे. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ९७० मीटर, अकोला २८०च्या आसपास. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंडावते, म्हणजे इथल्यापेक्षा तिथं चार-साडेचार अंश कमी. त्यात घामानं भिजलेल्या कपड्यांवर वारा लागला की अंगातली ऊब झपाट्यानं जाते. कोरड्या वाऱ्यात घाम लगेच उडतो, तहान कळत नाही. डोकं जड होतं, पाय अडखळतात आणि माणूस हट्टाला पेटतो. अशा वेळी घेतलेला निर्णय हमखास चुकतो.

म्हणून दरवाजाच्या आडोशालाच ओला कपडा बदला, कानांवरून दुपट्टा घट्ट बांधा. पाणी तहानेवर सोडू नका, दर अर्ध्या तासाला घोट घ्या. भाकर-चटणीबरोबर गूळ-शेंगदाणे असू द्या. नऊगजी तोफ पाहताना कड्याच्या टोकाशी उभं राहून फोटो नकोत. वाळलेल्या गवतावर पाय सटकतो आणि वाऱ्याच्या झोताचा नेम नसतो. शेकोटी तर अजिबात नको, अशा वाऱ्यात एक ठिणगी रानभर पसरते. हे मेळघाटचं जंगल आहे, १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. तेव्हा वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, वाटाड्या सोबत घ्या आणि त्याचं ऐका.

परतीची वेळ खालीच ठरवा. पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी दोनला जिथं असाल तिथून मागं वळा, गडावरचा एखादा तलाव बघायचा राहिला तरी. गड कुठं जात नाही. नरनाळ्यानंतर गाविलगड आहे, चिखलदऱ्याजवळचं ११७८ मीटरचं वैराट आहे. ते सगळं तुला बघायचं आहे.

आणि तू पुढारी आहेस, म्हणून शेवटचं. सगळ्यात दमलेल्या मुलीच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. ती ‘पुरे’ म्हणाली की कुणी कारण विचारायचं नाही, तिला चिडवायचं नाही. हा नियम शहानूरला, सगळ्या ताज्यातवान्या असतानाच सांग. वर गेल्यावर सांगितलास तर तो तिला टोमणा वाटेल.

उतरल्यावर फोन कर.

तुझा,
मामा