मार्कांचा ग्राफ आणि त्याचा चढ

रिझल्ट लागला की आपला ठरलेला प्रश्न असतो, "किती पडले?" "मागच्या सेमपेक्षा किती वाढले?" असे सहसा कुणी विचारत नाही. रेषेचा चढ आपण शाळेतच शिकलो आहोत. एका बिंदूवरून तो काढता येत नाही, दोन तरी बिंदू लागतात. मग एका निकालावरून पोरगा हुशार की ढ, हे कसे ठरवायचे?

त्याच विद्यार्थ्यांचे मार्क काही वर्षे मांडत गेले, तर ढोबळमानाने तीन चित्रे दिसू शकतात. रेषा समांतर जातात, जवळ येतात किंवा पंख्यासारख्या फाकतात. फाकणे म्हणजे पैशाकडे पैसा जातो तसेच. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये शास्त्रज्ञांना मिळणाऱ्या श्रेयाबद्दल लिहिताना याला 'मॅथ्यू इफेक्ट' म्हटले. १९८६ मध्ये कीथ स्टॅनोविच यांनी तीच कल्पना वाचनाला लावली. ज्याला वाचता येते तो जास्त वाचतो, त्याचे शब्द वाढतात, पुढचे वाचन आणखी सोपे होते. अडखळणारा मात्र पुस्तकच टाळतो.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घ्या. पाथर्डी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मूल सोबत गेले की शाळेचे कित्येक महिने बुडतात. पुढच्या वर्षी जुनी फट तशीच असते आणि तिच्यात नवी भर पडते. म्हणून तर हंगामी वसतिगृहांची योजना आली. मूल गावात राहिले की शाळा चालू राहते. त्याची बुद्धी तीच असते, शिकायला मिळणारे दिवस वाढतात.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. मराठी माध्यमातून आलेल्यांचा पहिल्या वर्षी बराच वेळ इंग्रजी शब्द समजण्यातच जातो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना एम-३ जड जाते, कारण डिग्रीचे पहिले वर्ष त्यांनी केलेलेच नसते. पण ड्रॉइंग, वर्कशॉप आणि प्रोजेक्ट आले की आम्ही बारावीवाले त्यांच्याच मागे फिरतो! एकाच वर्गात अशा रेषा एकमेकींना छेदून पुढे गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

अडचण सरासरीची आहे. समजा, एकाला चार वर्षांत ६६, ६५, ६४, ६५ टक्के मिळाले. दुसऱ्याला ४५, ५८, ७०, ७९. पहिल्याची सरासरी ६५, दुसऱ्याची ६३. कंपनीने ६५ ची अट घातली तर दुसरा दारातच अडतो, आणि शिकण्याचा वेग तर त्याचाच जास्त!

कंपनीची अट आपल्या हातात नाही, पण चढ बराचसा आहे. प्रत्येकाने वहीच्या मागच्या पानावर आपल्या सेमचा ग्राफ काढावा. रेषा कुठे खाली आली आणि कोणत्या विषयापासून, ते शोधावे. मागचे कच्चे राहिले असेल तर पुढचे रट्टा मारून टिकत नाही. सिनिअर्सनी आठवड्यातून एक तास पहिल्या वर्षाच्या मुलांना एम-१ मराठीतून समजावून दिले, तरी रेषा फाकायच्या आधीच सावरतील. आणि पहिल्या सेमला विषय राहिलेल्या मित्राला "तुझं काही खरं नाही" म्हणू नका. त्याच्या ग्राफवर अजून एकच बिंदू पडलाय.