तळ्यातील बर्फाचा मुंबईपर्यंतचा प्रवास

दख्खनच्या पठारावरील तळी हिवाळ्यात गोठत नाहीत. बेंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तरीही तेथील नोंदलेले नीचतम तापमान ७·८ अंश सेल्सिअस असून ते १३ जानेवारी १८८४ रोजीचे आहे. पाणी गोठण्यास तर तापमान शून्य अंशापर्यंत उतरावे लागते. किनाऱ्यावरील मुंबईची हवा याहूनही उष्ण. असे असता, बर्फ तयार करणारी यंत्रे प्रचारात येण्यापूर्वीच, १८३४ साली मुंबई बंदरात बर्फ येऊन पोहोचला. तो अमेरिकेतील बोस्टन शहराच्या परिसरातील तळ्यांतून काढलेला होता. इतक्या दूरच्या सागरप्रवासात तो वितळून कसा गेला नाही?

बर्फाचे पीक

पाण्याची घनता ४ अंश तापमानाला सर्वांत अधिक असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते आणि बर्फ तर पाण्यावर तरंगतोच. म्हणून तळे वरून गोठत जाते आणि बर्फ पृष्ठभागावरच कापता येतो. त्यावर हिम साचले, तर ते पांघरुणासारखे काम करते व खालचे पाणी गोठण्याचा वेग मंदावतो. याकरिता मजूर ते खरवडून काढीत.

१८२५ च्या सुमारास नॅथॅनियल वाइथ याने घोड्याने ओढावयाचा बर्फाचा नांगर तयार केला. त्याच्या समांतर पात्यांनी बर्फावर उभ्याआडव्या खाचा पडत. मग पहारीने एकसारख्या लाद्या सुट्या करता येत. ही सुधारणा केवळ श्रम वाचविणारी नव्हती. सारख्या आकाराच्या लाद्या एकमेकींस चिकटून रचता येत आणि त्यांच्यामधून हवा खेळण्यास वाव राहत नसे.

उष्णतेची अडवणूक

फ्रेडरिक ट्यूडर हा या व्यापाराचा अग्रणी. मे १८३३ मध्ये त्याचे ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून ते सप्टेंबरात कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता.

याची कारणे तीन आहेत. पहिले, एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. दुसरे, लाकडाच्या भुशात अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. तिसरे कारण भूमितीचे आहे. एक मीटर बाजूचे एक हजार घन सुटे ठेवले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मीटर होतो. तेच दहा मीटर बाजूच्या एका घनात रचले, तर तो केवळ ६०० चौरस मीटर उरतो. उष्णता पृष्ठभागातूनच आत शिरते. म्हणून मोठी रास सावकाश वितळते.

मुंबईतील बर्फघर

मुंबईत बर्फ आला त्याच वर्षी जमशेटजी जिजीभाई यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले. यजमान व पाहुणे यांना त्यामुळे सर्दी झाली, असे त्या वेळच्या वृत्तपत्राने छापले. पुढे १८४३ साली शहरात बर्फघर बांधण्यात आले. मद्रासमध्ये ते १८४२ सालीच उभे राहिले होते. ती इमारत आजही असून ‘विवेकानंद हाउस’ या नावाने ओळखली जाते.

परंतु हा पुरवठा परदेशच्या हिवाळ्यावर आणि जहाजांच्या वेळेवर अवलंबून होता. १८७८ साली कलकत्त्यात बेंगॉल आइस कंपनी स्थापन होऊन यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि लवकरच हा दूरचा व्यापार संपुष्टात आला.

एक प्रयोग

बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक उघड्या चाळणीत ठेवावा. दुसरा तळाशी भोके असलेल्या खोक्यात कोरड्या भुशात पुरावा. भुसा भिजू देऊ नये, कारण ओल्या भुशातून उष्णता लवकर जाते. तासाभराने दोन्ही तुकड्यांचे वजन करावे. भुशातील तुकडा अधिक भरेल. भुसा बर्फाला थंडी देत नाही. तो बाहेरील उष्णतेची वाट अडवितो. बर्फाचा सारा व्यापार याच एका तत्त्वावर चालला होता.