पहारेकरी आणि दार

काशीद गाव अलिबाग-मुरूड रस्त्यावर आहे. एका अंगाला डोंगर व फणसाडचे रान. दुसऱ्या अंगाला समुद्र. किनाऱ्यावर पांढरी वाळू आणि सुरूची झाडे. सुट्टीच्या दिवसांत मुंबई-पुण्याचे लोक येथे येतात. गावातील पुष्कळ घरांत त्यांची राहण्या-जेवण्याची सोय होते. पूर्वी पाहुणे रोख पैसे देत. आता ते फोन काढतात, भिंतीवरचा 'स्कॅनर' टिपतात, आणि पैसे खात्यात जमा होतात.

अशाच एका घरातील ही गोष्ट आहे. घरात मावशी व काका राहतात. त्यांच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत. मावशी साक्षरता वर्गात जातात. त्यांना मराठी वाचता येते. इंग्रजी अक्षरे मात्र अजून ओळखीची नाहीत.

मे महिना संपत आला होता. पावसाआधी घर शाकारायचे होते. त्यासाठी मावशींनी खात्यात पैसे साठवले होते. एके दुपारी फोन वाजला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता.

"मावशी, मी लष्करात अधिकारी आहे. आमची दहा माणसं येणार. दोन्ही खोल्या पाहिजेत. आगाऊ ८,००० रुपये आत्ताच पाठवतो. आमच्याकडे पैसे पाठवायची रीत वेगळी असते. मी एक स्कॅनर पाठवतो. तो टिपा, पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात आले."

मावशींनी तसेच केले. फोन 'टिंग' वाजला. मावशी खूश झाल्या. पण तो माणूस म्हणाला, "अहो, उलटं झालं वाटतं. पुन्हा एकदा करा. १६,००० परत येतील."

तेवढ्यात मुरूडहून त्यांचा भाचा आला. त्याने फोन हातात घेऊन निरोप वाचला. खात्यात ८,००० आले नव्हते. ८,००० गेले होते.

मावशी मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "अरे, असं कसं होईल? फोनात व्हायरस मारायचं औषध घातलंय ना? दुकानदाराला पैसे देऊन घातलंय. मग पैसे गेले कसे?"

भाचा म्हणाला, "मावशी, ते सांगतो. आधी फोन लावू दे." त्याने लगेच १९३० हा क्रमांक लावला. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा तो सरकारी क्रमांक आहे. बँकेचे नाव, रक्कम, वेळ व व्यवहाराचा क्रमांक त्याने सांगितला. मग बँकेला कळवले. तासाभराने तिघे ओटीवर बसले.

औषध काय करते?

भाचा म्हणाला, "मावशी, व्हायरस म्हणजे ताप-खोकल्याचा जंतू नव्हे. तो माणसानेच लिहिलेला असतो. फोनला किंवा संगणकाला आज्ञा लिहून द्याव्या लागतात. चांगल्या आज्ञा लिहिल्या, की हिशेब होतो, फोटो निघतो. कोणी वाईट आज्ञा लिहितो. त्या गुपचूप आत शिरतात आणि आपलं नुकसान करतात. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. घरगुती संगणकावरच्या अगदी पहिल्या व्हायरसांपैकी तो एक. तो चकत्यांवरून पसरला."

"आणि औषध कोणी काढलं?"

"पुष्कळांनी. त्यात आपले दोघे भाऊही आहेत. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचं काटकर घराणं. थोरला भाऊ कैलास. दहावीनंतर शाळा सुटली. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करायच्या दुकानात तो कामाला लागला. पुढे स्वतःचं दुकान काढलं. संगणक दुरुस्तीही शिकला. धाकट्या संजयला मात्र संगणकाचं शिक्षण दिलं. दुकानात येणाऱ्या संगणकांना व्हायरस लागलेला असे. संजयने त्यावर उपाय लिहिला. १९९५ साली त्यांनी तो 'क्विक हील' या नावाने विकायला काढला. क्विक हील म्हणजे लवकर बरं करणारं."

काका म्हणाले, "म्हणजे औषधच की!"

"नाव औषधाचं आहे, काका. पण काम पहारेकऱ्याचं आहे. पोलीस चौकीत सराईत चोरांचे फोटो लावलेले असतात ना, तशी या पहारेकऱ्याजवळ माहीत असलेल्या व्हायरसांची यादी असते. आत येणारी प्रत्येक फाईल तो यादीशी ताडून पाहतो. जुळली, की अडवतो. काही पहारेकरी एवढ्यावर थांबत नाहीत. आत आलेला पाहुणा कपाटं उघडू लागला, तर त्यालाही धरतात. पण चोर रोज नवे येतात. म्हणून यादीही रोज नवी लागते. तिलाच 'अपडेट' म्हणतात. यादी जुनी राहिली, तर पहारेकरी नव्या चोराला ओळखणार कसा?"

गरिबाकडे कोण येतो?

काका म्हणाले, "पण आपण साधी माणसं. चोर बँकांकडे जाईल, मोठ्या बंदरात जाईल. आपल्याकडे कशाला येईल?"

"मोठ्यांकडे तर तो गेलाच आहे. जून २०१७ मध्ये 'पेट्या' नावाने गाजलेला व्हायरस जगभर पसरला. आपल्याच रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात, एका धक्क्याचे संगणक त्याने बंद पाडले. कंटेनर चढवण्या-उतरवण्याचं काम खोळंबलं. तो व्हायरस ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक वाट बुजवायची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्चमध्येच दिली होती. कितीतरी ठिकाणी ती घेतलीच गेली नव्हती."

तो पुढे म्हणाला, "पण लहानांनाही तो सोडत नाही. काका, खाडीच्या तोंडाशी डोल लावतात. भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर जे येईल ते डोलीत शिरतं. डोल कधी विचारते का, तू मोठा मासा की बारीक? हे चोर तसेच. हजारो लोकांना एकच निरोप पाठवतात. जो अडकेल तो त्यांचा."

काका गप्प झाले.

दार कोणी उघडले?

मावशी म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण आपला पहारेकरी तर जागा होता. मग त्याने का नाही अडवलं?"

भाचा म्हणाला, "मावशी, जंजिऱ्याची गोष्ट तुला ठाऊक आहे ना?"

ती गोष्ट मुरूड भागात सर्वांना ठाऊक आहे. आज जेथे जंजिऱ्याचा दगडी किल्ला आहे, तेथे पूर्वी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. राम पाटील त्यांचा प्रमुख. तो कोणाला दाद देत नसे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीने पिरमखान नावाच्या सरदाराला पाठवले. पिरमखानाने मेढेकोटावर हल्ला केला नाही. आपण व्यापारी आहोत असे सांगून त्याने आसरा मागितला. जवळ दारूची पिंपे होती. राम पाटलाने त्याला आत घेतले. रात्री मंडळी दारू पिऊन झिंगली. मग पिंपांत दडलेले शिपाई बाहेर आले आणि कोट गेला, अशी हकीकत सांगतात. पुढे त्या जागी दगडी किल्ला झाला. शिवाजी महाराजांनी व संभाजी महाराजांनी तो घेण्याचा प्रयत्न केला. तोफांपुढे तो नमला नाही.

भाचा म्हणाला, "बघ मावशी. बळाने किल्ला पडला नाही. पण पाहुणा म्हणून ज्याला आत घेतलं, त्याने कोट घेतला. ग्रीक लोकांतही अशीच लाकडी घोड्याची गोष्ट आहे. चांगल्या वस्तूचं सोंग घेऊन येणाऱ्या व्हायरसला त्या ट्रॉय नगरावरून 'ट्रोजन' हे नाव पडलं. आज तो लग्नपत्रिका बनून येतो, सरकारी योजनेचा अर्ज बनून येतो. व्हॉट्सॲपवर फाईल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. उघडून परवानगी दिली, की ते आपले निरोप वाचू लागतं. बँकेचा ओटीपीही वाचतं. अशा वेळी पहारेकरी पुष्कळदा ओरडून सांगतो, 'हे घेऊ नका.' त्याचं ऐकावं."

"आणि आजचं काय?"

"आज तर व्हायरस नव्हताच. चोर आत शिरलाच नाही. त्याने तुलाच सांगितलं, पैसे बाहेर आणून दे. तू पिन टाकलास. बँकेला वाटलं, मालकीण स्वतः पैसे देते आहे. पहारेकरी मालकिणीचा हात कसा धरणार?"

मावशींचे डोळे भरले. "म्हणजे चूक माझीच."

"चोरी त्याची आहे, मावशी. तुला एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती, एवढंच. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन पैसे द्यायला लागतो. पाहुणे तुझा स्कॅनर टिपतात, तेव्हा तू कुठे पिन टाकतेस?"

मावशी थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "खरंच की. रोज बघते, पण ध्यानात आलं नाही."

घरचा बंदोबस्त

त्या संध्याकाळी भाच्याने दोघांचे फोन समोर घेतले. प्रत्येक गोष्ट मावशींकडूनच करून घेतली.

पहिली गोष्ट भाषेची. पैशाचे ॲप इंग्रजीत होते. दुपारी पडद्यावर 'पैसे द्या' असेच लिहिले होते, पण इंग्रजीत. मावशींना ते वाचता आले नाही. बहुतेक ॲपमध्ये मराठी भाषा निवडता येते. मावशींनी ती निवडली.

दुसरी पहारेकऱ्याची. अँड्रॉइड फोनमध्ये 'प्ले प्रोटेक्ट' नावाचा पहारेकरी आधीपासूनच असतो. नव्या विंडोज संगणकात 'डिफेंडर' असतो. त्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. तो चालू आहे ना, हे त्यांनी पाहिले. मग फोनचे राहिलेले अपडेट घेतले.

तिसरी किल्ल्यांची. मावशींचा पासवर्ड म्हणजे त्यांचाच फोन नंबर होता. सगळीकडे तोच. भाचा म्हणाला, "एकाच किल्लीने घर, कपाट आणि पेटी उघडत असेल, तर ती एक हरवली की सगळं गेलं." ईमेलचा पासवर्ड सर्वांत महत्त्वाचा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बहुधा त्यावरूनच बदलता येतात. मावशींनी चार वेगळाले शब्द जोडून लांब पासवर्ड केला. तो वहीत लिहून वही पेटीत ठेवली. फोनच्या मागे चिकटवला नाही.

चौथी दुसऱ्या कुलपाची. व्हॉट्सॲप व ईमेलला 'दोन टप्प्यांची पडताळणी' लावता येते. मग नुसता पासवर्ड किंवा नुसता ओटीपी चोरून भागत नाही. ते कुलूपही त्यांनी लावले.

इतक्यात काकांच्या फोनवर लाल अक्षरे आली. भाच्याने वाचून दाखवले: "तुमच्या फोनला १३ व्हायरस लागले आहेत. येथे दाबा." काका घाबरून दाबणार होते. भाचा म्हणाला, "थांबा काका. ही जाहिरात आहे. रस्त्यावरचा अनोळखी माणूस 'तुमच्या घरात चोर आहे, किल्ली द्या' म्हणाला, तर द्याल का?" काकांनी ते पान बंद केले.

तक्रार लवकर का करावी?

चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झटपट फिरवतो. तक्रार लवकर गेली, तर पैसे वाटेत अडवता येण्याचा संभव असतो. उशीर झाला, की ते काढून नेले जातात. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली याविषयी नियम केला. आपणच गुप्त आकडा सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचे. म्हणून लाजेने गप्प बसू नये.

मावशींचे पैसे परत येतील की नाही, ते त्या दिवशी कोणालाच सांगता आले नाही. घर शाकारण्यासाठी काकांनी शेजाऱ्याकडून उसने घेतले. पण दुसऱ्या दिवशी मावशी शेजारच्या पाच घरी गेल्या. आपल्याला काय झाले, ते त्यांनी न लाजता सांगितले. तिसऱ्या घरी त्याच 'अधिकाऱ्या'चा फोन सकाळीच येऊन गेला होता. त्यांनी खोल्या राखून ठेवल्या होत्या, पण पिन अजून टाकला नव्हता.

ध्यानात ठेवा

१. पैसे घ्यायला पिन लागत नाही.
२. ओटीपी, पिन व पासवर्ड कोणाला सांगू नये. बँक ते विचारत नाही.
३. ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. निरोपातून आलेली 'एपीके' फाईल उघडू नये.
४. फोनचा अपडेट टाळू नये.
५. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून आपल्या फोनचा पडदा त्याला दाखवणारे ॲप घेऊ नये.
६. फसवणूक झाली, तर लगेच १९३० लावावा. बँकेला व पोलीस ठाण्याला कळवावे.

सांगा पाहू

१. मावशींच्या फोनमधील पहारेकऱ्याने चोराला का अडवले नाही?
२. पहारेकऱ्याची यादी रोज नवी का लागते?
३. मेढेकोट कसा गेला? त्यावरून आपण काय शिकावे?
४. तिसऱ्या घरचे पैसे कशामुळे वाचले?

करून पाहा

आपल्या फोनमधील पैशाचे ॲप मराठीत करा. पैसे पाठवताना पडद्यावर काय लिहून येते, ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. आकडे झाकून ठेवा.