भूकंप आणि नदीचा गाळ : ब्रह्मपुत्रेचा अनुभव

भूकंप म्हटला की आपल्याकडे कोयनानगर (१९६७) आणि किल्लारी (१९९३) ही नावे आठवतात व डोळ्यांसमोर कोसळलेली घरे उभी राहतात. ढिगारे उपसले, पुनर्वसन झाले, की भूकंपाचा हिशेब संपला असे आपण धरून चालतो. हिमालयासारख्या पर्वतमय प्रदेशात मात्र तो तेथे संपत नाही. भूकंपाने सैल केलेला डोंगर तेथे नदीच्या स्वाधीन होतो, आणि नदी तो अनेक वर्षे वाहून नेत राहते. आसामात १९५० साली हेच घडले.

त्या वर्षी १५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या सायंकाळी, साडेसातच्या सुमारास ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याचे केंद्र भारत-तिबेट सीमेवर, रिमा या गावाच्या परिसरात होते. वनस्पतिसंशोधक फ्रँक किंग्डन-वॉर्ड त्या वेळी तेथेच मुक्कामास होते. कोसळणाऱ्या दरडींचे व धुळीने झाकोळलेल्या दऱ्यांचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले आहे. हिमालय हा भूशास्त्राच्या दृष्टीने तरुण पर्वत. त्याचे उतार उभे आणि खडक भेगाळलेले. त्यात पावसाळा ऐन भरात असल्याने माती भिजून जड झालेली होती. डोंगरांवरून त्या वेळी सुटलेल्या दगडमातीचे प्रमाण सुमारे ४,५०० कोटी घनमीटर असावे, असा अंदाज केला जातो.

दरडींनी सुबनसिरी, दिबांग इत्यादी नद्यांचे प्रवाह अडविले. सुबनसिरीवरील हा नैसर्गिक बांध आठ दिवसांनी फुटला. सात मीटर उंचीची लाट खालच्या गावांवर आली आणि ५३२ माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपानंतर ऐन पावसाळ्यात नदीचे पाणी अचानक ओसरले, तर वरच्या अंगास दरड अडकली असण्याचा संभव असतो. अशा वेळी कोरड्या पडलेल्या पात्रात मासे वा लाकूडफाटा वेचण्यास उतरणे जिवावर बेतू शकते. नदीकाठच्या प्रत्येक डोंगरी गावास हे ठाऊक असावयास हवे.

नदीत आलेला सर्व गाळ एकाच वेगाने पुढे जात नाही. बारीक माती पाण्यात तरंगत जाते व काही वर्षांतच समुद्र गाठते. वाळू तळाशी सरपटत, पुराच्या दिवसांत पुढे सरकत आणि उन्हाळ्यात विसावत जाते. मोठे धोंडे तर मोठ्या पुराची वाट पाहत जागीच पडून राहतात. या मंदगती वाळूनेच आसामला खरा त्रास दिला. दिब्रुगडपाशी नदीचा तळ सुमारे तीन मीटरने उचलला गेला. पात्र उथळ झाले की पाण्याला आडवे पसरण्यावाचून गत्यंतर नसते. ते काठ कापू लागते. जुने सादिया शहर नदीने गिळले. १९५४ मध्ये दिब्रुगड शहराचाही मोठा भाग पात्रात गेला, तेव्हा तट आणि दगडी धक्के बांधून उरलेले शहर वाचवावे लागले. तळ उंचावला की तटाची उंची आपोआप कमी पडते, ही गोष्ट अंदाजपत्रक करताना सहज नजरेआड होते.

कालिदासाने रघुवंशात ज्या लौहित्य नदीचा उल्लेख केला, ती हीच ब्रह्मपुत्रा. बांगलादेशात तिला जमुना म्हणतात. १९५० ची वाळू एखाद्या संथ लाटेप्रमाणे जमुना, पद्मा व खालची मेघना यांमधून पुढे सरकत गेली आणि तिला समुद्रापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ अर्धे शतक लागले, असे अभ्यासकांचे मत आहे. वाटेत पात्रे रुंदावली, काठची शेते कापली गेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्यापैकी अनेकांचा जन्मही भूकंपाच्या वेळी झालेला नव्हता. बारीक माती मात्र त्यांच्या कितीतरी आधी मेघनेच्या मुखाशी पोहोचली होती. तेथे तिने नवी बेटे उभारण्यास हातभार लावला. बंगालीत त्यांना चर म्हणतात, आणि अशा चरांवर आज भातशेती होते.