गुळवेल कशी ओळखावी?

सिल्वासाच्या आसपासच्या सागाच्या व खैराच्या रानात पावसाळा सुरू झाला की झाडोरा वेलींनी गुरफटून जातो. त्यांतील हृदयाकृती पानांची प्रत्येक वेल गुळवेलच होय, असा पुष्कळांचा समज असतो. गुजराती भाषिक तिला 'गळो' म्हणतात, हिंदी भाषिक 'गिलोय' म्हणतात. नावे अनेक असली तरी वेल एकच आहे. परंतु पान सारखे दिसले म्हणजे वेल एकच, असे मात्र नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम पानच पाहू. करांद्याचे पानही हृदयाकृती असते. पण त्याच्या पानांच्या बगलेत लहान कंद धरतात आणि त्याचा वेल दरवर्षी वाळून जातो. पहाडवेलीच्या पानाचा देठ कडेला न जुळता पानाच्या पाठीवर किंचित आत जुळलेला असतो. गुळवेलीचे पान गुळगुळीत असते, एकाआड एक येते, त्याचा देठ लांब असून दोन्ही टोकांना फुगीर असतो. यावरून ध्यानात येईल की, पान ही ओळखीची केवळ पहिली पायरी होय.

दुसरी पायरी खोडाची. गुळवेल ही काष्ठमय, बहुवर्षायू वेल आहे. जून खोडावरील साल कागदासारखी पातळ असून सहज सुटते व आतील हिरवा भाग दिसू लागतो. सालीवर पांढरट ठिपके असतात. ती हवेच्या देवघेवीची वल्करंध्रे होत. उंच चढलेल्या वेलीपासून दोऱ्यासारखी मुळे खाली लोंबतात.

आपल्या पूर्वजांनी या खुणा नावांतच साठवून ठेवल्या आहेत. 'भावप्रकाश' या आयुर्वेदीय ग्रंथात गुळवेलीला 'छिन्नरुहा' म्हटले आहे, कारण तोडलेला तुकडाही पुन्हा रुजतो. 'कुंडली' म्हणजे वेटोळे घालणारी. 'चक्रलक्षणिका' हे नाव तर मोठे मार्मिक आहे. खोड आडवे कापल्यास मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या रेषा गाडीच्या चाकातील आऱ्यांसारख्या दिसतात.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अलीकडच्या घटनांत आहे. करोनाच्या साथीत अनेकांनी गुळवेलीचा काढा घेतला. 2021 साली मुंबईतील सहा रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध या वेलीशी जोडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावर, घेतलेल्या वनस्पतीची नीट ओळख पटविलेली नाही, असा आक्षेप केंद्रीय आयुष मंत्रालयाने घेतला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये गुळवेल व तिच्याच वंशातील टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद जाहीर केले. ते असे : गुळवेलीचे खोड हिरवट, गाठीविरहित व चीक नसलेले, क्रिस्पाचे खोड करडे, फोडांसारख्या गाठींनी भरलेले व दुधाळ चीक असलेले. गुळवेलीच्या फुलास सहा पाकळ्या, क्रिस्पाच्या फुलास तीन. गुळवेलीचे फळ गोल व लाल, क्रिस्पाचे लांबट व नारिंगी. कडूपणा ही मात्र खूण नव्हे. दोन्ही वेली कडूच आहेत.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. ओळख बरोबर ठरली म्हणजे औषध निर्धोक ठरले, असे होत नाही. 2022 मध्येच देशातील निरनिराळ्या रुग्णालयांतील 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला व त्यातही गुळवेलीच्या सेवनानंतर झालेल्या यकृतविकाराची नोंद आहे. म्हणून वेल ओळखणे हे आपले काम. ती कोणास व किती द्यावी, हे ठरविणे वैद्याचे व डॉक्टरांचे काम.

रानात वेल दिसली की चाखून पाहू नये. पान, देठ, साल, आडवा छेद, चीक, फूल व फळ अशी सात सदरे वहीत आखावीत. फुले बहुधा पाने झडल्यावर येतात, आणि फळे त्यानंतर पिकतात; म्हणून एकाच वेलीकडे निरनिराळ्या ऋतूंत पुनःपुन्हा गेले पाहिजे. नरफुले व मादीफुले वेगवेगळ्या वेलींवर येत असल्याने काही वेलींना फळ कधीच धरणार नाही, हेही लक्षात ठेवावे. जे सदर रिकामे राहील ते अंदाजाने भरू नये. सर्व खुणा जुळल्यावरच वेलीचे नाव लिहावे. एका खुणेवरून लिहिलेले नाव हा तर्क होय, ज्ञान नव्हे.